काळजीवाहकांचे प्रमाणपत्र: ७५ तास आणि त्याआधीची ८० वर्षे

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या पगारी मदतनिसाला त्यासाठी वेगळे काही शिकवावे लागते, हा विचार फार जुना नाही. जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत जिची हकीकत मांडली, ती बाई फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आली तेव्हा अवघी पन्नाशीची होती. त्यामुळे आल्झायमर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार पुढे कित्येक दशके ‘ऐन वयात होणारा दुर्मीळ विकार’ म्हणून पाठ्यपुस्तकांत राहिला. ऐंशीच्या माणसाची विस्मृती मात्र म्हातारपणाच्या खात्यावर टाकली गेली. वय झाले की माणूस भ्रमिष्टासारखा वागायचाच. त्यात सांभाळणाऱ्याने शिकायचे काय?

ही समजूत मोडायला साठचे दशक उजाडले. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली आणि आल्झायमर यांना दिसलेल्या खुणा त्यांना तिथेही सापडल्या. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात ठणकावून सांगितले, की वय कोणतेही असो, आजार एकच आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर माणसे मारतो. त्यानंतर कॅनडात १९७८, ब्रिटनमध्ये १९७९ आणि अमेरिकेत १९८० साली रुग्णांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यात पुढाकार बहुतेक घरच्यांचा होता.

पण म्हातारपणाची विस्मृती आता आजार ठरली, तरी मदतनिसाच्या वाट्याला काही आले नाही. आजार म्हटल्यावर तो डॉक्टरांच्या हद्दीत गेला. अंघोळ घालणारी, भरवणारी, कूस बदलणारी बाई दिवसाचे आठ तास रुग्णासोबत असायची. तिला निदान कळायचे नाही आणि कोणी सांगायचेही नाही. प्रशिक्षणाची कल्पना पुढे आली ती दोन वेगवेगळ्या वाटांनी, आणि या वाटांची गाठ फार उशिरा पडली.

पहिली वाट कायद्याची. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या, सरकारी पैसा शुश्रूषागृहांकडे वळला आणि त्यांची संख्या भराभर वाढली. मग हेळसांडीच्या बातम्या, चौकश्या, पुन्हा बातम्या. १९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेने सविस्तर अहवाल दिला आणि १९८७ मध्ये सुधारणा कायदा झाला. त्याआधी शुश्रूषागृहातल्या मदतनिसांना देशभर लागू होईल अशी प्रशिक्षणाची सक्तीच नव्हती. नव्या कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्येक राज्यात प्रमाणित मदतनिसांची नोंदवही बंधनकारक केली. पुढे नोकरीत वर्षाला १२ तासांची उजळणीही आली.

याच कायद्याने रहिवाशांना खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवण्यावर निर्बंध घातले. माझ्या मते प्रशिक्षणाच्या इतिहासात ही तरतूद ७५ तासांपेक्षा मोठी आहे. बांधता येते तोवर उठून चालू लागणाऱ्या माणसाशी काय बोलायचे हा प्रश्न पडतच नाही. पट्टा सुटला, की उत्तर लागते.

ते उत्तर मात्र ७५ तासांत फारसे मिळत नव्हते. स्मृती ढासळलेल्या रहिवाशांची काळजी हा अभ्यासक्रमातला एक विषय होता खरा, पण संसर्ग टाळणे, नाडी मोजणे, उचलून बसवणे, रहिवाशांचे हक्क अशा लांबलचक यादीतला एक. प्रात्यक्षिक परीक्षेत उमेदवाराला ठरलेली कामे पायरीपायरीने करून दाखवावी लागत, अजूनही लागतात. रुग्ण म्हणून समोर बसतो तो निरोगी माणूस. तो हात झटकत नाही, ‘तू कोण?’ म्हणून ओरडत नाही.

दुसरी वाट वागण्याबोलण्याच्या जाणकारीची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टोपिका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स फॉल्सम यांनी एक पद्धत सुरू केली: भिंतीवर वार, तारीख, हवामान लिहिलेला फळा लावायचा आणि कर्मचाऱ्यांनी रुग्णाला दिवसभर वास्तवाची आठवण करून द्यायची. मदतनिसाच्या बोलण्याला उपचाराचा दर्जा देणारा हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक, म्हणून त्याचे मोल आहेच. पण ‘आई कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या नव्वदीच्या बाईला आई वारल्याचे सांगणे म्हणजे रोज नव्याने सुतक देणे. अमेरिकी समाजकार्यकर्त्या नेओमी फाइल यांनी १९६० च्या दशकापासून उलट बाजू धरली. चूक दुरुस्त करू नका, त्या प्रश्नामागची भावना धरा आणि आईबद्दल बोलू द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

या विचाराला सर्वांत धारदार रूप दिले ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांनी. माणूस खचतो तो केवळ मेंदूतल्या बिघाडामुळे नव्हे, भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात यानेही, असे त्यांनी मांडले. १९९७ च्या पुस्तकात त्यांनी अशा १७ वागणुकींची यादीच दिली: लहान मूल समजणे, झेपणार नाही इतक्या वेगाने कामे उरकणे, तो समोर असताना तो नसल्यासारखे आपापसांत बोलणे, थट्टा करणे, फसवून काम करून घेणे. हे सारे दुष्ट माणसे करतात असे ते म्हणत नाहीत. चांगल्या मनाची, दमलेली, न शिकवलेली माणसेच करतात, आणि म्हणून ते शिकवता येते. त्यांच्या गटाने निरीक्षणाची एक पद्धतही घडवली. निरीक्षकाने काही तास दिवाणखान्यात बसायचे आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करतो आहे, कसा आहे याची नोंद करायची. ज्या कामाला तोवर कोणी काम म्हणत नव्हते, ते त्यामुळे कागदावर दिसू लागले.

पुरावाही जमू लागला. लंडन, न्यूकॅसल आणि ऑक्सफर्ड भागातल्या १२ शुश्रूषागृहांतला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि पाठबळ दिले होते. वर्षअखेरीस तिथे २३ टक्के रहिवासी मनोविकारविरोधी औषधांवर होते, इतरत्र ४२.१ टक्के. या आकड्यांचे वजन कळले २००९ मध्ये, जेव्हा मानसोपचारतज्ज्ञ सुबे बॅनर्जी यांच्या अहवालाने ब्रिटनमध्ये डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना ही औषधे दिली जातात आणि त्यापायी वर्षाला १,८०० जादा मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला. फायदा होणारे फार तर ३६,०००. रुग्ण ओरडतो म्हणून गोळी देणे, हा पट्ट्याने बांधण्याचाच रासायनिक अवतार होता.

दोन्ही वाटा अमेरिकी कायद्यात एकत्र आल्या त्या २०१० मध्ये. आरोग्यविषयक मोठ्या कायद्यातल्या एका कलमाने मदतनिसांच्या प्रशिक्षणात डिमेन्शिया हाताळणी आणि छळप्रतिबंध हे विषय घालायला लावले. दोन्ही एकाच कलमात, हे बोलके आहे. तासांचा देशव्यापी आकडा मात्र ७५ वरच राहिला. तो १२० करावा, असे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००८ मध्येच सुचवले होते. अनेक राज्यांनी आपापल्या पातळीवर तास वाढवले.

इतर देशांनी वेगळे रस्ते धरले. जर्मनीने २००८ मध्ये डिमेन्शियाच्या रहिवाशांसोबत गप्पा, वाचन, फिरणे यासाठीच खास कर्मचारी नेमायला विमा निधीतून पैसे दिले आणि त्यांच्यासाठी १६० तासांचे शिक्षण ठरवले. जपानने १९८७ मध्येच काळजीवाहकांसाठी राष्ट्रीय परीक्षा असलेला परवाना कायद्याने निर्माण केला होता. २००८ पासून करारान्वये इंडोनेशियातून आणि नंतर फिलिपिन्स, व्हिएतनाममधून आलेल्यांनाही हीच परीक्षा जपानीतून द्यावी लागते. मात्र परवाना नसलेले कित्येक जण तिथेही कामावर होतेच. त्यांच्यासाठी डिमेन्शियाचे प्राथमिक प्रशिक्षण २०२१ मध्ये सक्तीचे झाले, तीन वर्षांच्या सवलतीनंतर २०२४ पासून पूर्णपणे. ऑस्ट्रेलियात सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने (रॉयल कमिशन) २०२१ मध्ये किमान पात्रतेची आणि डिमेन्शियाच्या नियमित प्रशिक्षणाची शिफारस केली.

दरम्यान प्रमाणपत्रांचा बाजारही उभा राहिला. अमेरिकेत २००१ पासून खासगी परिषदा ‘प्रमाणित डिमेन्शिया कर्मचारी’ घडवू लागल्या, आणि पुढे पडद्यावर बटण दाबत तासाभरात संपणारे अभ्यासक्रम सगळीकडे पसरले. त्यांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही; रात्रपाळी करणाऱ्याला वर्गात बसणे परवडत नाही. पण लीड्समधल्या क्लेअर सर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नुसते वाचायला देणे सर्वांत निष्प्रभ पद्धतींत निघाले. उपयोगी ठरले ते समोरासमोरचे, त्या कर्मचाऱ्याच्या कामाला धरून असलेले, अनुभवी प्रशिक्षकाने दिलेले शिक्षण: एकूण किमान आठ तास, एकेक बैठक दीड तासाची तरी.

इंग्लंडमधली गोष्ट यापुढची आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हेळसांडीनंतर कॅमिला कॅव्हेन्डिश यांनी २०१३ मध्ये मदतनिसांच्या प्रशिक्षणाचा आढावा घेतला आणि त्यातून २०१५ मध्ये १५ मानकांचे केअर सर्टिफिकेट आले. त्यात नववे मानक डिमेन्शियाचे होते, तेही मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता यांच्यासोबत वाटून. प्रमाणपत्र देणार मालकच. त्यामुळे नव्या मालकाचा जुन्यावर विश्वास बसत नसे, आणि नोकरी बदलणाऱ्या मदतनिसाला तेच धडे पुन्हा गिरवावे लागत. या क्षेत्रात नोकऱ्या सतत बदलतात, कारण पगार तुटपुंजा आहे. २०२४ मध्ये बाहेरच्या संस्थेकडून तपासली जाणारी आणि नोकरी बदलली तरी सोबत नेता येणारी नवी पात्रता सुरू झाली. ती घेणे बंधनकारक नाही.