क्लच आणि गिअरबॉक्सची घरगुती दुरुस्ती

झिजलेला क्लच बदलणे आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करणे, ही कामे स्वतःच्या दारात करण्याची पद्धत. मिस्त्री लोक याला ‘गिअरबॉक्स उतरवणे’ म्हणतात, कारण क्लचला हात लावायचा तर आधी गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून खाली घ्यावाच लागतो. कोल्हापुरात या कामाची सरळ वाटणी झालेली आहे. खोलणे, धुणे, तपासणे आणि पुन्हा जोडणे अंगणात. लेथ (धातू फिरवून कापायचे यंत्र) आणि प्रेसची (भाग जोराने दाबून बसवायच्या यंत्राची) कामे शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवून सकाळी उद्यमनगर गाठायचे आणि तिचा पृष्ठभाग लेथवर सपाट करून आणायचा, ही सोय हाताशी असल्यामुळेच इथल्या माणसाला हे काम घरी करण्याचा धीर होतो.

क्लच लवकर का जातो

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये धरलेली असते. पेडल पूर्ण सोडलेले असेल तर ती दोघांबरोबर एकजीव फिरते, पूर्ण दाबलेले असेल तर सुटी असते. झिजते ती या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचमध्ये. कोल्हापूर भागात हाफ क्लचचे प्रसंग भरपूर. गगनबावड्याकडून करूळ घाटाच्या वळणावर किंवा रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाटात गाडी चढावर थांबली की अनेक जण हँडब्रेक न ओढता क्लचवरच गाडी तोलून धरतात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे मैलभर सरकत जाणे हाही तसाच प्रकार. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चालता येईल इतके अंतर पुढे पडू द्यावे. एवढ्या एका सवयीने प्लेटचे आयुष्य वाढते.

दुसरे कारण पुराचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी खूप मागे टाकली आणि दारात लावलेल्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. गिअरबॉक्सला हवेसाठी एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पाणी तिच्यातून आणि सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या कड्यांमधून) आत जाते. खालचे बूच काढले की ऑइलऐवजी दुधाळ चहासारखा रंग बाहेर येतो. असे ऑइल तेवढे बदलून भागत नाही. स्वस्त ऑइल भरून, थोडी गाडी चालवून, दोनदा तरी धुवावे लागते. उशीर झालेला असेल तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडतात आणि काही महिन्यांनी बॉक्स घुमू लागतो. पुरातून निघालेल्या गाडीत आणखी एक गंमतशीर वाटणारा पण खरा दोष दिसतो: प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि पेडल तळाला टेकवले तरी गिअर पडत नाही.

खोलण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचे काम पाना हातात घेण्याआधीचे आहे. आवाज जिथून येतो तिथेच दोष असतो असे नाही, आणि गिअर खरखरला म्हणून थेट बॉक्स खोलणाऱ्याचे दोन दिवस बहुतेक वेळा वाया जातात.

‘गाडी नुसती वरडतीया, पळंना’ ही तक्रार क्लच घसरण्याची. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे; चालूच राहिले तर प्लेट गेली, तिच्यावर ऑइल आले किंवा पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी केबल फार ताणलेली आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण तिनेही प्लेट तापते.

‘गिअर पडंना’ ही तक्रार वेगळी. गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. आधी केबलचा प्ले, म्हणजे तिची मोकळी हालचाल, पाहावा. हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा) क्लच असेल तर गळती आणि पाइपातली हवा पाहावी. गिअरबॉक्सचा यात बहुधा दोष नसतो. उलट चालत्या गाडीत एकच गिअर, बहुधा दुसरा, खरडत असेल आणि बाकीचे गुपचूप पडत असतील तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, झिजली आहे.

बेअरिंगचे निदान कानाने होते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवर नाही, अशा वेळी घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचे, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारे बेअरिंग. या दोन वाक्यांनी खर्चात मोठा फरक पडतो.

उतरवणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नये. वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्या हव्यातच, आणि त्या फरशीवर किंवा सिमेंटवर, मातीवर नव्हे. छोट्या गाडीचा बॉक्सही एका माणसाने छातीवर झेलण्याच्या वजनाचा नसतो, म्हणून दुसरा माणूस सोबत असावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बॉक्सच्या बाजूचे माउंटिंग सुटते, तेव्हा इंजिनाला वेगळा आधार द्यावा लागतो.

ऑइल काढण्याचा एक नियम जुने मिस्त्री पोराला पहिल्याच दिवशी सांगतात: आधी भरायचे बूच सुटते का बघ, मगच खालचे काढ. वरचे बूच गंजून बसलेले असेल आणि खालून ऑइल सांडून टाकले असेल तर गाडी जागेवरच अडकते.

बॉक्स मागे सरकवताना आणि परत चढवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. त्याने प्लेटचा मधला हब वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. नव्याने शिकणाऱ्यांकडून होणारी ही सगळ्यात महाग चूक आहे.

क्लच

जुनी प्लेट लगेच भंगारात टाकू नये, उजेडात धरून बघावी. रिव्हेटची डोकी फेसिंगच्या, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या, पृष्ठभागापासून किती आत आहेत ते मोजावे. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती खोली ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आली की प्लेट संपली. फेसिंग काळे, चकचकीत आणि काचेसारखे झाले असेल तर ते हाफ क्लचने भाजलेले आहे. ओलसर डाग असेल तर क्रँकचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे ऑइल सील गळते आहे, आणि सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे तीही भिजवणे. धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसात गेलेले बाहेर येत नाही.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसतात का पाहावे. हलके डाग लेथवर निघतात. खोल भेगांचे फ्लायव्हील मात्र बदलावे, आणि मोठ्या डिझेल गाड्यांतले दोन वस्तुमानांचे (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे) फ्लायव्हील लेथवर कधीच चढवू नये. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. बेअरिंगचे पैसे वाचवून पुन्हा बॉक्स उतरवण्याची वेळ आलेली माणसे प्रत्येक गल्लीत भेटतील.

बसवताना प्लेटवरची फ्लायव्हीलकडची खूण पाहावी, सेंटरिंगच्या दांड्याने प्लेट मध्यावर धरावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत न्यावेत. स्प्लाइनवर, म्हणजे इनपुट शाफ्टवरच्या खाचांवर, ग्रीस बोटभर नको, नुसता ओलावा पुरे. जास्तीचे ग्रीस फिरताना फेसिंगवरच उडते.

गिअरबॉक्स

उतरलेल्या ऑइलमध्ये आणि बुचाच्या चुंबकावर काय चिकटले आहे, यावरून अर्धे निदान होते. राखाडी, बोटात विरणारा लगदा नेहमीची झीज. पिवळसर चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग झिजते आहे. नखाएवढा टणक तुकडा म्हणजे दात तुटला.

आतले काम अंगणातल्या जुन्या पांढऱ्या धोतरावर किंवा चादरीवर करावे. एकेक गिअर, वॉशर आणि सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी कडी) ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने, त्याच तोंडाने ओळीत मांडावे आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्यावा. गिअर बदलणाऱ्या शिफ्टच्या दांड्यांमधल्या गोळ्या आणि स्प्रिंगा उडून जातात, म्हणून दांडा ओढताना भोकावर बोट ठेवावे.

सिंक्रो रिंग पुसून तिच्या गिअरच्या कोनावर हाताने दाबून पिळावी. ती घट्ट धरली पाहिजे. गुळगुळीत फिरत राहिली तर गेली. दाबलेल्या रिंग आणि गिअरमधली फट फिलर गेजने मोजून गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. गिअर आपोआप निसटत असेल तर दातांची टोके गोल झाली आहेत का, गोळ्यांच्या स्प्रिंगा मऊ पडल्या आहेत का, हे बघावे.

तुटलेला दात वेल्डिंगने भरून घासून देणारे आजही भेटतात. गिअरच्या दातांचे वरचे कवच उष्णतेने कडक केलेले असते; वेल्डिंगच्या तापाने ते जाते आणि भरलेला दात घाटात पहिला सुटतो. सुटलेला तुकडा दोन गिअरांच्या मध्ये आला तर कास्टिंगच, म्हणजे बॉक्सचे बाहेरचे कवच, फुटते. गिअर नवाच घ्यावा. बेअरिंग मात्र घरी हातोड्याने ठोकू नये, उद्यमनगरात प्रेसवर बसवून घ्यावे. हातोड्याचा मार गोळ्यांवर बसतो आणि बेअरिंग नवे असूनही आवाज करते.

ऑइल

मॅन्युअलमध्ये असेल तेच ऑइल भरावे. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-५ दर्जाचे ऑइल जीएल-४ च्या बॉक्समध्ये घातल्यास त्यातले काही गंधकयुक्त मिश्रण पितळी रिंगांना खाऊ शकते. ‘मोठा आकडा म्हणजे चांगले ऑइल’ हा समज इथे नुकसान करतो. मोटारसायकलीचा क्लच तर ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे तिथे चारचाकीचे घर्षण कमी करणारे इंजिन ऑइल घातले की क्लच घसरू लागतो.

नव्या क्लचवर पहिले काहीशे किलोमीटर घाट आणि ओझे टाळावे. त्यानंतर केबलचा प्ले पुन्हा तपासावा आणि बुचाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून सकाळी थेंब पडलेला आहे का ते बघावे.