पाण्यातलं देऊळ किती पांढरं?

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून मी देवळाचं एक जलरंगातलं चित्र केलं होतं. प्रदर्शनाच्या निवडीच्या वेळी एका जाणकारांनी ते हातात धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला रंगाची जाणच नाही." त्यानंतर चार महिने मी रंगांच्या पेटीला हात लावला नाही.

बोलणं जिव्हारी लागतं म्हणजे नेमकं काय होतं? २००३ साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना एमआरआय यंत्रात झोपवून संगणकावर चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. तेव्हा मेंदूच्या मध्यभागालगतच्या सिंग्युलेट पट्ट्यातला पुढचा भाग जास्त सक्रिय झाला. शरीराला दुखतं तेव्हा होणाऱ्या तळमळीशीही याच भागाचा संबंध आहे. हा भाग इतरही कामं करतो, त्यामुळे अपमान आणि जखम एकच, असं म्हणता येत नाही. पण चारचौघांतून बाजूला पडणं मेंदू किरकोळ मानत नाही, एवढं खरं. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं कुणी म्हटलं की म्हणूनच मला राग येतो.

पुढे ते चित्र आमच्या शेजारच्या काकांनी पाहिलं. त्यांचं आयुष्य जेकार्ड चादरींच्या नक्ष्या ग्राफवर भरण्यात गेलं. ग्राफचा एकेक चौकोन म्हणजे उभे-आडवे धागे कुठे एकमेकांवरून जायचे, याची खूण. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात आणि मागावर नक्षी उतरते. एक चौकोन चुकला तर नक्षी जितक्यांदा येईल तितक्यांदा ती चूक चादरीवर येते. त्यामुळे मोराची मान वाकडी दिसली, तर या कामातला माणूस कितव्या ओळीतला कितवा चौकोन ते आधी शोधतो. काका बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "वर देऊळ जितकं पांढरं, तितकंच पाण्यात कसं काय पांढरं ओ?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तलावावर गेलो. काकांचं बरोबर होतं. पाणी आरशासारखा सगळा प्रकाश परत पाठवत नाही. सरळ खाली पाहिलं तर जेमतेम दोन टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परततो, नजर तिरपी होत जाते तसं हे प्रमाण वाढतं. उरलेला प्रकाश पाण्यात शिरतो. त्यामुळे पांढऱ्या वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा मळकट दिसतं. उलट तलावाकाठच्या किल्ल्याच्या काळ्या भिंतीचं प्रतिबिंब भिंतीहून थोडं उजळ दिसू शकतं, कारण गढूळ पाण्यातून वर येणारा प्रकाशही त्यात मिसळतो.

जाणकारांना कदाचित हीच चूक खटकली असेल. पण एका वाक्याने माझा हात थांबला आणि दुसऱ्याने मला तलावावर नेलं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली कामाबद्दलच्या अभिप्रायांवरच्या जुन्या प्रयोगांची एकत्र छाननी केली. त्यात ६०७ परिणाम तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होत होता, तरी एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. कौतुकालाही हे लागू होतं. 'तू जात्याच कलाकार' हे ऐकायला गोड, पण त्यात पुढच्या चित्रात काय करायचं ते कुठेच नसतं. लहान मुलांची चित्रं बघताना आपण हे सर्रास करतो.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. चेहऱ्यावरची भावना शब्दात ओळखायला सांगितली, की भीती-धोक्याशी जोडलेल्या मेंदूतल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया सौम्य होते. त्यावरून मी एक वही केली. डाव्या रकान्यात बोलणं जसंच्या तसं, त्याखाली 'लाज वाटली', 'राग आला' असं जे झालं ते. उजव्या रकान्यात त्या बोलण्यातला चौकोन, म्हणजे कागदावरची नेमकी जागा. काही बोलण्यांत चौकोन सापडतच नाही. ती मी पंधरा दिवसांनी पुन्हा वाचतो, आणि तेव्हाही उजवा रकाना कोराच राहिला तर त्यावर रेघ मारतो.

पहिल्या पानावर 'रंगाची जाणच नाही' आहे. त्याच्या उजवीकडे काकांचं वाक्य लिहिलंय, आणि शेजारी पांढऱ्यात करडा मिसळून काढलेले तीन ठिपके आहेत. मधला पाण्यातल्या देवळाशी जुळला.