मलम लावून आणू नका : कोरड्या, खाजऱ्या कातडीच्या कुत्र्यांच्या पालकांसाठी

नाशिकची थंडी सुरू झाली की कुत्र्यांची अंघोळ आणि तपासणी होते त्या आमच्या काउंटरवर एकच प्रश्न येत राहतो. "घरात अमुक क्रीम पडलंय, लावलं तर चालेल का?" गंमत अशी की बहुतेक वेळा हा प्रश्न क्रीम लावून झाल्यावर येतो. मग टेबलावर चढवलेलं लॅब्रडॉर हाताला तुपात बुडवल्यासारखं लागतं आणि त्या दिवसाच्या पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंटा घसरतात. फोनवर रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

थोडक्यात उत्तर असं: खाज कशाची आहे हे कळेपर्यंत घरातलं काहीही लावू नका. आमच्याकडे तपासायला आणताना तर मुळीच नाही.

आमच्याकडे येणारे पशुवैद्य डॉक्टर कातडी नुसती बघून औषध देत नाहीत. खाज येणाऱ्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबतात, ती रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवतात, त्यात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) किंवा जंतू दिसतात. कातडीवर क्रीमचा थर असला की पट्टी चिकटतच नाही, आणि चिकटली तरी त्यावर दिसतात ते तेलाचे थेंब. नायट्याचा संशय असेल तर अंधार करून खास दिव्याखाली केस बघतात. नायट्याच्या काही बुरशी त्या उजेडात हिरवट चमकतात. आता काही मलमंही त्याच दिव्याखाली चमकतात. मग चमकतंय ते काय, बुरशी की कालची ट्यूब, हे कोण ठरवणार?

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मेडिकलमधून आणलेल्या 'थ्री इन वन' ट्यूबमुळे. एकाच मलमात स्टिरॉइड (लाली आणि खाज दाबणारं औषध), बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. माणसांतही या ट्यूबा इतक्या सर्रास वापरल्या जाऊ लागल्या की 2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची 14 स्टिरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कुत्र्याला लावलं की दोन दिवसांत लाली उतरते, खाजवणं कमी होतं, घरचे खूश. पण खाजेमागे डेमोडेक्स असेल, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारे बारीक किडे, तर स्टिरॉइडने त्यांचं फावतं. निरोगी कुत्र्यातही हे किडे थोडे असतात, त्याची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. तीच आपण मलमाने दाबतो. नायट्याचंही तसंच. गोल डागाची कड पुसट होते, डाग मात्र पसरत जातो, आणि कधी कधी घरातल्या मुलांच्या दंडावर उगवतो. महिन्याभराने कुत्रं आमच्याकडे येतं तेव्हा मूळ आजार ओळखूच येत नाही. मग डॉक्टर म्हणतात, आधी मलम थांबवा, काही दिवसांनी या. तुमचे ते दिवस वाया जातात, आणि कुत्रं तेवढे दिवस खाजवत राहतं.

दुसरी गोष्ट जिभेची. माणूस क्रीम लावून ऑफिसला जातो, कुत्रं लावलेली जागा चाटून काढतं. म्हणजे कातडीवर लावलेलं निम्मं औषध तुम्ही त्याला खायलाच घालता. बोरोलीनसारख्या साध्या वाटणाऱ्या मलमातही बोरिक ॲसिड आणि झिंक ऑक्साइड असतं. एकदा जरासं चाटलं तर फार तर उलटी होईल, पण रोज लावलं, रोज चाटलं की झिंक साठतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या क्रीममध्ये झिंकचं प्रमाण आणखी जास्त असतं. "बाळाला चालतं म्हणजे ब्रूनोला चालेल" हे म्हणूनच खरं नाही.

काही ट्यूबा तर कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणी ठेवूसुद्धा नयेत. सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाचं रूप आहे. ट्यूब चावली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनी निकामी होऊ शकते. कातडीच्या कॅन्सरपूर्व डागांवरचं 5-फ्लुरोयुरॅसिल पोटात गेलं तर काही तासांत झटके येतात, त्यातून कुत्री मरतात. गुडघ्याला चोळायची डायक्लोफिनॅकची जेल जठराला आणि किडनीला नडते. हे कोणी कुत्र्याला लावत नाही, मान्य. पण आजी जेल लावून बसते आणि कुत्रं लाडाने तिचा गुडघा चाटतं, हे घरोघरी चालतं. जेल मुरेपर्यंत आजींनी सलवार किंवा साडी खाली ओढून बसावं. ट्यूब चावल्याचं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तेवढं मीठही कुत्र्याला घातक ठरू शकतं. उरलेली ट्यूब हातात घ्या आणि थेट पशुवैद्य गाठा.

"पण खोबरेल तेल तर शुद्ध!" शुद्ध आहेच. पण पंजांत आणि कानांत वाढणारं मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट चरबीवरच जगतं, आणि तेलकट, आंबूस वास येणारं कुत्रं हे बऱ्याचदा त्याचंच कुत्रं असतं. हळदीबद्दल मी फार बोलत नाही. फक्त पांढऱ्या पॉमेरियनला हळद लावल्यावर लाल कातडी कुठली आणि पिवळी कुठली हे डॉक्टरांना कळत नाही, आणि आमचे टॉवेल मात्र कायमचे पिवळे होतात.

कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते, हे दाट केसांमुळे लक्षात येत नाही. आपल्या वरच्या थरात पेशींच्या साधारण 10 ते 15 ओळी असतात, त्याच्यात 3 ते 5. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 5.5 च्या आसपास, त्याचा 7 च्या जवळ. म्हणून आपला साबण, आपला शाम्पू, अगदी बेबी शाम्पूसुद्धा, त्याला कोरडं करतो. बऱ्याच घरांत खाज सुरू होते ती दर रविवारच्या अंघोळीने, आणि तिच्यावर उपाय म्हणून मग क्रीम येतं.

मग तोवर करायचं काय? गार (बर्फाचं नव्हे) पाणी ओता किंवा ओला कपडा ठेवा, खाज तात्पुरती निवते. जखम होईपर्यंत चाटत असेल तर गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची नरसाळ्यासारखी कॉलर) घाला. चेहऱ्यावर दुःख दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेला काळा चुरा ओल्या टिश्यूवर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, आणि तुमच्या कुत्र्याला मॉइश्चरायझरची नव्हे, पिसवांच्या औषधाची गरज आहे. बोटांच्या फटी आणि कानाच्या कडा यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कानाच्या कडा आणि कोपरं खरवडून काढत असेल आणि घरात कोणालाही खाज येत असेल तर खरूज असू शकते. तेव्हा आधी फोन करा, बाकीच्या कुत्र्यांमध्ये न बसवता आम्ही वेगळी वेळ देतो.

खरंच नुसती कोरडी कातडी असेल तर कुत्र्यांसाठीचा ओटमीलचा शाम्पू लागतो. तो 10 मिनिटं अंगावर राहू द्यावा आणि मग भरपूर धुवावा. अर्धवट धुतलेला शाम्पू हेही खाजेचं कारण असतं. त्यानंतर सिरॅमाइड (कातडीत ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) किंवा ग्लिसरीनचा कुत्र्यांसाठीचा स्प्रे. तो आमच्याकडे मिळतो आणि आपल्या कोल्ड क्रीमपेक्षा महाग पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो केसांतून कातडीपर्यंत पोचतो आणि चाटला तरी चालेल असा बनवलेला असतो. बाहेरून घेतलात तरी आमची हरकत नाही, बाटली दाखवा, आम्ही घटक वाचून सांगू. डॉक्टरांनी स्वतः एखादं माणसांचं मलम लिहून दिलं तर बिनधास्त लावा. त्यांनी जागा, प्रमाण आणि दिवस ठरवून दिलेले असतात.

आता थोडं आमच्याबद्दल. मलम लावून आणलेल्या कुत्र्याला आम्ही परत पाठवतो, त्यावरून काही जण रागावतात, दुसऱ्यांदा फी काढायचा डाव आहे असंही ऐकवतात. म्हणून नियम सांगतो. तपासणी होऊ शकली नाही तर तपासणीची फी आम्ही घेत नाही, पुढची वेळ त्याच पैशांत. तेल काढण्याची जादा अंघोळ मात्र लागली तर तिचे पैसे पडतात, कारण दोन-तीन वेळा शाम्पू करावा लागतो आणि डबल कोटच्या, म्हणजे केसांचे दोन थर असलेल्या, हस्कीला तर अख्खी दुपार जाते.

लावून झालंच असेल तर खोटं बोलू नका, आम्ही ओरडत नाही. काय लावलं, कधीपासून, दिवसातून किती वेळा, एवढं कागदावर लिहा आणि ट्यूब सोबत आणा. रिकामी असली तरी चालेल, मागच्या बाजूची बारीक अक्षरंच आम्हाला हवी असतात. साध्या क्रीमला दोन-तीन दिवस थांबलं तरी पुरतं, स्टिरॉइड असेल तर किती थांबायचं ते डॉक्टर सांगतील. त्यासाठी येण्याआधी एक फोन करा, म्हणजे चक्कर फुकट जाणार नाही.