मॉनिटर बदलल्यावर गेमचा ठेका का चुकतो?

जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा. नवा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा. कॉम्प्युटर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, बांधलेला गेमही तोच. तरी कॅमेरा वळवला की चित्र अडखळतं, आणि कोपऱ्यातला आकडा मात्र ६० एफपीएसवरून (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमवरून) हलत नाही. अशा वेळी अनेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, काही तर विंडोजच नव्याने टाकतात. माझं म्हणणं असं, की त्याआधी एक भागाकार करून पाहावा.

१४४ भागिले ६० म्हणजे २.४. पण मॉनिटरला एखादी फ्रेम २.४ फेऱ्या (एकदा चित्र ताजं करणं म्हणजे एक फेरी) दाखवता येत नाही. म्हणून व्ही-सिंक, म्हणजे नवी फ्रेम फेरीच्या सुरुवातीलाच दाखवणारी सोय, चालू असेल तर काही फ्रेम २ फेऱ्या टिकतात, काही ३. एक फेरी सुमारे ६.९ मिलिसेकंदांची; म्हणजे एक फ्रेम १३.९ मिलिसेकंद दिसते, तर दुसरी २०.८. जुन्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सारखे १६.७ मिलिसेकंद येत होते.

एवढासा फरक जाणवतो, कारण सरकत्या वस्तूमागे आपला डोळा थांबत थांबत जात नाही. वेगाचा अंदाज घेऊन तो सलग फिरतो. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा एका सेकंदात पार करणारी गाडी घ्या. गाडी प्रत्येक फ्रेमला ३२ पिक्सेल पुढे उडी घेते. डोळा मात्र तेवढ्यात कधी २७ पिक्सेल पुढे गेलेला असतो, कधी ४०. गाडी कधी नजरेच्या पुढे, कधी मागे. यालाच आपण ‘अडखळणं’ म्हणतो.

उपाय उलटा वाटेल: मॉनिटर १२० हर्ट्झवर आणा. आता प्रत्येक फ्रेम नेमक्या २ फेऱ्या टिकते आणि ठेका जुळतो. दुसरा उपाय बदलत्या रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांची संख्या बदलती ठेवण्याचा. २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने अशी सोय जी-सिंक नावाने जाहीर केली, २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक नावाने ती डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकात आली. यात मॉनिटर फ्रेम तयार होण्याची वाट पाहतो, ठरलेल्या ठेक्याचा हट्ट धरत नाही. ही सोय मॉनिटरच्या मेनूत आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू असावी लागते. पुष्कळदा एकच बाजू चालू केलेली असते.

टीव्ही जोडला असेल तर गंमत आणखी बारीक. काही वेळा सिग्नल ६० नव्हे, ५९.९४ हर्ट्झवर असतो. गेम पक्क्या ६० ने चालत असेल तर साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम दाखवायची राहून जाते. असा घड्याळ लावल्यासारखा झटका बसत असेल, तर आधी हा आकडा तपासा.

मोठ्या रिझोल्यूशनचं कारण मात्र वेगळं. १९२० × १०८० वरून फोर-के (३८४० × २१६०) वर गेलं की पिक्सेल २०.७ लाखांवरून ८२.९ लाख होतात, चौपट; मग फ्रेम तयार व्हायला वेळही जास्त लागतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १७ मिलिसेकंदांत तयार झालेली फ्रेम जेमतेम ०.३ मिलिसेकंदाने उशिरा येते, आणि व्ही-सिंक तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबवून ठेवतं. आधीचं चित्र मग ३३.३ मिलिसेकंद तसंच राहतं. इथे रिझोल्यूशन किंवा ग्राफिक्सचा दर्जा थोडा उतरवणं हा सरळ उपाय.

केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला तर लावलेली नाही ना, हेही पाहा. तसं असेल तर ग्राफिक्स कार्ड बाजूलाच राहू शकतं.

हे सगळं वेगळं काढायला फ्रेम-टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम तयार व्हायला लागलेल्या वेळेचा, आलेख उघडा. रेघ सपाट असूनही डोळ्याला झटके दिसत असतील, तर गडबड पडद्याच्या ठेक्यात आहे. रेघेवर सुळके उठत असतील तर फ्रेमच उशिरा तयार होताहेत. मग जुना मॉनिटर जुन्याच रिझोल्यूशनवर जोडून पाहा. सुळके तिथेही दिसले, तर नव्या मॉनिटरचा यात काही दोष नाही.