विचारल्याने विचार येत नाही

‘मानसिक आरोग्याचं ॲप रोज “जीव नकोसा वाटतो का?” असं विचारणार, मग नसलेला विचारही पोराच्या डोक्यात येणार.’ नाशिकमध्ये ही धास्ती मी अनेक आईवडिलांकडून ऐकली आहे. समज जुना आहे. आधी तो डॉक्टरांच्या प्रश्नांबद्दल होता. तो चुकीचा आहे.

आत्महत्येबद्दल थेट, आपुलकीने विचारल्याने धोका वाढतो असं संशोधनात आढळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही विचारा असंच सांगते. उलट अनेकांना मोकळं वाटतं. सिडकोतल्या दोन खोल्यांत, जिथे फोनवर बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं, तिथे हे बोलायचं तरी कुठे? ॲपवर निदान लिहिता येतं.

ॲपचा खरा उपयोग सुरक्षा आराखड्यासाठी, म्हणजे जीव नकोसा वाटू लागला तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवण्यासाठी. तो समुपदेशकासोबत बसून, स्वतःच्या शब्दांत भरायचा: बिनसू लागल्याची खूण कोणती, एकट्याने काय करून बरं वाटतं, गोदाघाटावर चक्कर मारायला कोण सोबत येईल, मावशीला कधी फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर, घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण दूर ठेवेल. कागद हरवतो, रात्री दोनला फोन मात्र उशाशीच असतो.

पण ॲप म्हणजे उपचार नव्हे. त्यात लिहिलेलं त्या क्षणी कुणी वाचत असेलच असं नाही, हे घरच्यांनी नीट समजून घ्यावं. तातडीची वेळ आली तर माणसाला सोडून जाऊ नका, जवळचं रुग्णालय गाठा. सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.