कलमं न्यायच्या आधी एवढं वाचा (होलसेल ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी, मे महिना लागला की फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा लिहूनच काढलंय, वाचा आणि तुमच्या ग्रुपवर पण टाका.

आमची नर्सरी दापोली तालुक्यात. आजोबांच्या वेळी सगळं भेट कलम, म्हणजे रोपाची कुंडी माचावर चढवून हापूसच्या फांदीला बांधायची आणि दोन-तीन महिने तिथेच पाणी घालत राहायचं, त्यात कलमं होणार किती? बाबांच्या वेळेला कोय कलमावर आलो, म्हणजे कोयीतून नुकत्याच रुजलेल्या कोवळ्या रोपावरच कलम बांधायचं, आणि 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना निघाली तशी डिमांड अशी वाढली की जिकडे तिकडे नर्सऱ्या. त्यातल्या कितीतरी बंद पण पडल्या. आता बघा, हापूस म्हणून घेतलेलं कलम खरंच हापूस आहे का, हे कळायला चार-पाच वर्षं जातात, फळ धरल्याशिवाय कळतच नाही, आणि तेव्हा भांडायला नर्सरीवाला जागेवर सापडायला नको? आम्ही सापडतो. आजोबांच्या गिऱ्हाइकांचे नातू येऊन भांडून जातात, चहा पिऊन जातात.

जमिनीच्या वाटण्या झाल्या, सातबारे वेगळे झाले, पण काडीची, म्हणजे कलमासाठी ज्यांच्या कोवळ्या फांद्या कापतो ती, जुनी झाडं सामाईकच ठेवलीत. त्यांची काडी किती काढायची ते मोठे काका ठरवतात, काका नाही म्हणाले की विषय संपला, तुमची ऑर्डर केवढी का असेना.

काडी काढायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापतो म्हणजे डोळा फुगतो. तोवर वाफ्यात रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोयी रुजून तांबूस पानांची कोवळी रोपं वर आलेली असतात, त्याचा शेंडा उडवून मध्ये चीर द्यायची, काडीला पाचर काढून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. आई पट्टीचं टोक दातात धरून बांधते, तिच्या स्पीडला आमच्यातलं कोणी पोचत नाही. हे काम जून ते ऑगस्ट चालतं आणि ती कलमं पुढच्या पावसाळ्यात गाडीत चढतात, त्यामुळे मोठी ऑर्डर असेल तर वर्षभर आधी बोला, मेच्या शेवटी फोन करून हजार कलमं मागू नका राव.

"मोठं झाड द्या" असं लँडस्केपवाले फार म्हणतात. पिशवीत जास्त वर्षं राहिलेल्या झाडाची मुळं आत गोल गोल फिरतात, नंतर जमिनीत नीट पसरत नाहीत, आम्ही नाही देत.

सगळ्यांना हापूसच पाहिजे असतो, रत्ना म्हटलं की तोंड वाकडं. नीलम आणि हापूसचा संकर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये काढलेला, त्यात साका (हापूसच्या गरात आत होणारा खराब भाग) नाही आणि हापूससारखं एक वर्ष धरलं एक वर्ष नाही असंही नाही. चवीला हापूस तो हापूस, मान्य, पण बागेत थोडी रत्ना असू द्या. कोकम मात्र बियांचं घेऊ नका, जवळपास निम्मी झाडं नर निघतात, मादीचं कलमच घ्या.

महाराष्ट्रात फळझाडांच्या नर्सरीसाठी 1969 पासून कायदा आहे, लायसन्स लागतं. आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, लायसन्स बघा आणि पक्कं बिल मागा, सबसिडीच्या फाइलला पण लागतं.

गाडी उतरवली की दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, पाणी द्या, मग लावा. लावताना जोड मातीच्या वर पाहिजे, पट्टी रुतत असेल तर ब्लेडने काढा, आणि जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच खुडा, तो रायवळचा असतो, वाढू दिला तर वरचा हापूस मरतो आणि मग फोन येतो की तुम्ही फसवलंत. पहिली तीन वर्षं मोहोर पण काढून टाकायचा, जिवावर येतं पण काढायचाच.

रेट नगावर ठरतो. उधारी बंद केलीय, जुन्या लोकांनी पण राग मानू नका. लोडिंग संध्याकाळी चारनंतर, ड्रायव्हरला शेडनेट घेऊनच पाठवा.