कानाला आवाजाची सवय होते का?

‘रोजच्या आवाजाची कानाला सवय होते, मग तो बाधत नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे. ढोल-ताशाच्या सरावात पहिल्या दिवशी कान ठणकतात, आठवड्याभराने काही वाटत नाही. पण सवय होते ती मनाला. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबल आवाजाला दिवसाला आठ तासांची सुरक्षित मर्यादा धरली, तर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! पडताळा घरीच घ्या. सरावाआधी मोबाइलवर एखादं रेकॉर्डिंग अगदी पुसट ऐकू येईल इतक्या आवाजात लावा. परतल्यावर तेच, तेवढ्याच आवाजात ऐका. ऐकू आलं नाही, तर कान तात्पुरते बधिर झालेत. पुढच्या वेळी इअरप्लग नक्की घाला.